अपडेट मीच बंद केले होते

वंदना वहिनी — माझ्या मोठ्या भावाची बायको. तीन वर्षांपूर्वीचा तेरा एप्रिल, ऐन दुपार, उमरखेडमधलं आमचं घर. त्या दुपारी मी तिच्या माथी एक खोटं मारलं. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. आणि मी तर कशावरही पत्रक काढणारा माणूस! नळाला पाणी नाही — पत्रक. एसटी वेळेवर नाही — पत्रक. माझ्याबद्दल मात्र एक ओळ नाही.

सांगतो. थोडा आडवळणानं येईन, पण येईन.

घरात कॉम्प्युटर एकच. त्यावर मी पत्रकं जुळवायचो, आणि वहिनी — वहिनी आवाज जमवत होती. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांसमोर मोबाइल धरून ती त्यांना बोलतं करायची. छप्पन्न साली या सगळ्या लहान पोरी होत्या. धम्मदीक्षेनंतर घरात काय बदललं, आई काय म्हणाली, शेजारी कसे बघायला लागले — कोणी हसत सांगायची, कोणी मधेच गाणं धरायची. सुभद्राबाई तर वहिनीलाच दटावायच्या, "बंद कर वं ते. मले आधी आठवू तं दे!" जयंतीच्या आदल्या दिवशी हे आवाज भोंग्यावरून वस्तीला ऐकवायचे, असं ठरलं होतं. वहिनीचा मोबाइल भरला. तिने विचारलं, यातलं काढून टाकू का? मी म्हणालो, "टाका डिलीट करून. कॉम्प्युटरवर आहे ना!"

ऐकताय ना? कॉम्प्युटरवर आहे ना — हे मी म्हणालो.

आता त्या कॉम्प्युटरचं मी काय करून ठेवलं होतं ते ऐका. पत्रकं जुळवणारे आम्ही लोक जुन्या मराठी फॉन्टला चिकटलेले. बोटांना तोच कीबोर्ड पाठ, छापखान्यालाही तेच चालतं. पण कॉम्प्युटरने अपडेट घेतलं की फॉन्टचं सॉफ्टवेअर रुसतं आणि अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मोर्चा उद्यावर आलाय आणि पानावर नुसते चौकोन — मी चिडलो आणि अपडेट बंदच करून टाकले. ते सॉफ्टवेअरही चोरीचं. एका ओळखीच्या डीटीपीवाल्याने पेन ड्राइव्हवर दिलेलं. "पहिले अँटिव्हायरस बंद कर, नाही तं घेत नाही ते," तो म्हणाला. केला बंद. पुन्हा चालू केला का? नाही. कोपऱ्यात लाल खूण यायची, इशारा यायचा, मी तो न वाचता घालवायचो. रोज. अधिकारी अर्ज वाचत नाहीत म्हणून मी कचेरीसमोर घसा फोडून ओरडतो — आणि माझ्याच पडद्यावरचा अर्ज मी किती वेळा वाचला?

त्या दुपारी जयंती मंडळाचे लोक पेन ड्राइव्ह न्यायला ओसरीवर बसले होते. वहिनीने कॉम्प्युटर सुरू केला. एकही फाइल उघडेना. नावांपुढे भलतीच अक्षरं, आणि पडद्यावर इंग्रजीत धमकी — तुमच्या फाइलींना कुलूप लावलंय, सोडवायच्या तर पैसे पाठवा. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती. तो पेन ड्राइव्ह मी कॉम्प्युटरलाच खुपसून ठेवलेला. त्याचीही तीच गत.

मला त्याच क्षणी कळलं. शंका नव्हती. चोरीचं सॉफ्टवेअर, बंद पहारा, उघडं दार — सगळं माझं. बाहेरून मंडळाच्या सचिवाने विचारलं, "काय झालं बे?"

आणि मी म्हणालो — मी म्हणालो, "वहिनीनं कुठं तरी क्लिक केलं."

बस. एवढंच वाक्य.

"बायांच्या हाती मशीन देल्लं का असंच होते," सचिव म्हणाला. सगळे हसले. मी? मुलींच्या शिक्षणावरचं पत्रक आदल्याच महिन्यात काढणारा मी? मीही हसलो. वहिनी खुर्चीवरून उठली. त्या दिवसानंतर तिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी तो पुसून नवा करून आणला, पुन्हा तेच सॉफ्टवेअर चढवलं, पुन्हा अपडेट बंद केले. होय — पुन्हा! दरम्यान सुभद्राबाई वारल्या.

गेल्या वर्षी मी आणखी पुढची पायरी गाठली. 'आपला कॉम्प्युटर सुरक्षित ठेवा' असं पत्रक काढलं आणि विहारात बायांसाठी वर्ग जाहीर केला. निर्लज्जपणा बघा. वहिनीला म्हणालो, तुम्हीही या. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "नोको भाऊजी. माह्या हातानं मशीन बिगडते."

टोमणा असता तर सोसला असता. पण ती मनापासून बोलत होती. माझं वाक्य आता ती स्वतःच्या तोंडाने म्हणत होती!

तिथेच, गॅसच्या ओट्यापाशी उभा राहून, मी सगळं ओकलो. सॉफ्टवेअर, लाल खूण, पेन ड्राइव्ह. वाटलं, रडेल. वाटलं, उलथणं फेकून मारेल. तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. हात धुतले.

"पासवर्ड सांगा."

"कोणता?"

"कॉम्प्युटरचा. सगळ्यात मोठावाला. अन् ज्या लोकाईसमोर खोटं बोलले, त्याईच्याचसमोर खरं सांगा. तुमच्यासाठी मी नाही सांगणार."

मित्रांनो, इथून पुढचं मी छाती काढून लिहितो, कारण हा विजय माझा नाहीच. तिचा आहे.

पासवर्ड तिने लगेच बदलला. नवा मला आजही माहीत नाही. पडद्यावरचा एकेक इशारा वाचत तुंबलेले अपडेट तिने सोडले, कॉम्प्युटर दिवसभर बंद व्हायचा, सुरू व्हायचा, ती जागची हलली नाही. अँटिव्हायरस जागा झाला आणि त्याने माझं चोरीचं सॉफ्टवेअर उचलून बाहेर फेकलं. माझी जुनी पत्रकं चौकोन-चौकोन झाली. मी कळवळलो. "शिका आता नवं टायपिंग," ती म्हणाली. "बायांले शिकवाले निंगाले होते ना?" शिकलो. हा मजकूर नव्या कीबोर्डवर, अडखळत, मीच टाइप करतोय.

माझं खातं तिने साधं करून ठेवलंय. काहीही चढवायचं तर पडदा तिचा पासवर्ड मागतो आणि मला हाक मारावी लागते. ती पदराला हात पुसत येते. "काय टाकून राह्यले भाऊजी? कुठून आणलं? कायले पायजे?" उत्तर पटलं तर पासवर्ड, नाही तर रिकाम्या हाताने परत. विहारातला वर्गही शेवटी तिनेच घेतला. आणि आवाज — तिने दारोदार जाऊन पुन्हा जमवले. आता त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असते, आणि प्रत निघाली की डिस्क वायर काढून लोखंडी कपाटात जाते.

यंदाच्या तेरा एप्रिलला मी मंडळाचा माइक हातात घेतला. सचिवाने शर्ट ओढला, "जुनं कायले उकरतं बे आता?" मी सांगितलं. नाव घेऊन, तारीख घेऊन, तेच वाक्य पुन्हा म्हणून. यावेळी कोणी हसलं नाही. मग वहिनीने बटण दाबलं आणि म्हाताऱ्या बायांचे आवाज भोंग्यातून असे घुमले की पलीकडच्या आळीतले लोक रस्त्यावर आले. पोरं गाण्यावर टाळ्या धरू लागली. सचिव पहिल्या रांगेत उभा राहून ऐकत होता!

सगळं मात्र परत आलं नाही. सुभद्राबाईंची लेक गर्दीतून पुढे आली. "माह्या मायचा आवाज काहून नाही?" मी म्हणालो, "माझ्यामुळे गेला." ती पाठ फिरवून निघून गेली. तिने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही. तेवढा हक्क मला नाही.

आता तुम्ही.

तुमच्या घरातही कॉम्प्युटर असेल, आणि 'हिला हात लावू देऊ नका' असं जिच्याबद्दल ठरलंय अशी कोणीतरी असेल. अपडेट कोणी बंद केले होते, ते तुम्हाला माहीत आहे. हा कागद खाली ठेवा आणि उठा. अपडेट सुरू करा. चोरीचं असेल ते काढा. तिला समोर बसवा आणि काय केलं ते सांगा, घरादारासमोर सांगा. मग नवा पासवर्ड तिलाच ठरवू द्या — आणि ती तो टाकत असेल तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहा.