कुरवाच्या पोटातलं
बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला सातपाटीच्या मावशीकडची हिवाळ्यातली एक सकाळ आठवते. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि खाली वाळूत एक कुरव, तो पांढरा समुद्रपक्षी, पंख सैल सोडून बसला होता. एरवी मावशी या पक्ष्यांना हाकलून लावायची, पण हा उडेचना. तिने त्याच्यापुढे बोंबील धरला. त्याने चोच उघडली, पण त्याला गिळता आलं नाही. ऊन चढेपर्यंत तो मेला. “काय खाल्लं ह्यानं, बघू तरी,” म्हणत मावशीने मासळी चिरावी तसं त्याचं पोट चिरलं. आत मासा नव्हताच. बाटलीचं झाकण, पिशवीचे तुकडे आणि जाळ्याचा हिरवा दोरा निघाला. “पोट भरलेलं हाय, आन भुकेनं मेला,” ती हळू आवाजात म्हणाली. पक्षी तिने वाळूत पुरला, पण ते तुकडे पदरात बांधून घरी आणले. अंगणात आल्यावर तिने मला विचारलं, “हे आता टाकू कुठं गं?” मी शिकलेली, म्हणून मला विचारलं होतं.