ढेपीच्या पोत्यामागची वही

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही — घरात नाही, देवळात नाही, शेळ्यांपुढंही नाही. आणि शेळ्यांपुढं मी बरंच काही बोलते.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचं हसून होईल. मी इंग्रजी शिकले ती प्रेमाच्या गाण्यांवरून. चौथी शिकलेली बाई, साठी उलटलेली, चकलांब्याच्या माळावर शेळ्या राखता राखता कानात वायर घालून. हसलात? हसा. मला त्याची लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे — तिकडं येतेच.

माझी नात प्रतीक्षा अंबाजोगाईला कॉलेजात होती. नर्स व्हायचं तिच्या मनात होतं. काच तडकलेला तिचा जुना मोबाइल तिनं मला दिला, त्यात इंग्रजी गाणी भरून. म्हणाली, "आज्जे, मी बी अशीच शिकले. आधी ऐक, मग लिही." प्रेमाचीच का? कारण त्यात शब्द थोडे, आणि तेच ते परत परत. शाळेत गुरुजी एकदा सांगून पुढं जायचे. हा गाणारा एकच गोष्ट दहादा सांगतो, वर रडतो. भूतकाळ मला लगेच कळला — ह्या गाण्यांत कुणी ना कुणी सोडून गेलेलंच असतं. आणि त्या भाषेत अहो नाही, अगं नाही; नवऱ्याला आणि शेळीला शब्द एकच — ‘यू’. मला ते आवडलं.

मी शंभर पानी वही केली. इंग्रजी अक्षरं प्रतीक्षानं गिरवून घेतलेली, अर्थही तिलाच विचारायचे. वर इंग्रजी ओळ, खाली मराठीत अर्थ — तुझ्यावाचून करमत नाही, तुझी वाट बघते, असलं. वही शेळ्यांना घालायच्या ढेपीच्या पोत्यामागं लपवली. रेशनच्या मशीनवर अंगठा लावणारी म्हातारी लिहिते, हे प्रतीक्षा सोडून घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या लेकानं आईचं अक्षर जन्मात पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी तो सरपंचपदाला उभा होता. ढेप काढताना वही त्याच्या हाती लागली. प्रतीक्षा सुट्टीला आलेली, ओसरीवर लिहीत बसलेली. त्यानं तिला उभं केलं.

"कुणाला लिहितीस हे?"

"आज्जीची वही हाय ती, पप्पा."

"आज्जीची! अन् अक्षर कावून वाकडं काढलंस? वळखू येऊ न्हाई म्हणून?"

मग तो माझ्याकडं वळला. "माय, तुझी हाय का ही?"

मला कसली भीती होती? कुणी मारणार होतं? नाही. प्रचाराच्या दिवसांत गाव हसलं असतं — एवढंच. मी म्हणाले, "मला कुठलं इंग्रजी, बाबा? मला न्हाई ठाऊक."

म्हणजे मी नुसती गप्प बसले नाही. खोटं बोलले. नातीला खोटी पाडली, तिच्या तोंडावर.

तिच्या हातात पेन होता. तो माझ्यापुढं धरून ‘लिहून दाखव’ म्हणाली असती, तर मी तिथंच सापडले असते. तिनं माझ्याकडं पाहिलं — आणि पेन खाली ठेवला. का? माझी लाज राखायला? मी विचारलं नाही.

तिचं कॉलेज बंद झालं. उन्हाळ्यात गेवराईला तिचं लग्न लावून दिलं. मी अक्षता टाकल्या. लेक निवडणुकीत पडला तो पडलाच.

सात वर्षं झाली. प्रतीक्षा पंचमीला येते, माझे पाय दाबते, ती गोष्ट काढत नाही. गावात लस टोचायला नर्स येते, तेव्हा ती घरात निघून जाते. मी बघितलंय.

कुणी म्हणेल, गाण्यांनी घात केला. गाण्यांनी काही केलेलं नाही. मी अजून ऐकते, भविष्यकाळही येतो आता. म्हातारीला हे शोभत नाही असं वाटणाऱ्यानं समोर येऊन सांगावं. आणि काळच तसा होता, बाईमाणसाचं काय चालतं — असलं मी काही म्हणणार नाही. तोंड माझं होतं.

हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. अक्षर अजून तसंच वाकडं आहे. लेकानं ती वही जाळली नाही, पुरावा म्हणून कपाटात ठेवली. हे कागद मी तिच्याशेजारी ठेवणार आहे. त्याला वाचता येतं.