राजम्याचं पाणी

आमचे दाजी खोटं बोलून गेले.

आज वर्ष झालं. सकाळपासून सगळे इथं फेसबुकवर 'देवमाणूस, देवमाणूस' लिहून राहिलेत. लिहा. मी लिहिणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. अहमदपूरला राहायचे, एसटीत कंडक्टर. शुगर आणि बीपी दोन्ही. डॉक्टरनं बजावलं होतं, तेल तोडा.

दाजींच्या वाटीत तर्री बोटभर.

"ज्याच्यावर तर्री न्हाई ते कोंबडं फुकट मेलं, मेव्हणे."

मी दहावी नापास. मोटार रिवाइंडिंग स्वतः शिकलो, स्वैपाकही स्वतःच. तारेचे वेढे चुकले की मोटार जळते, म्हणून हाताला मोजायची सवय.

मी लातूरला राहतो. दुष्काळात इथं रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट.

दाजी वेस्ट इंडीजचे भक्त. रेडिओवर कॉमेंट्री ऐकून वाढलेले. पथ्याचं म्हटलं तर हा माणूस तोंड लावणार नाही, पण त्यांच्या बॉलरांचं जेवण म्हटलं तर खाईल, हे मी ओळखलं. पंधरा दिवस यूट्यूबवर तिकडच्या बायांचा स्वैपाक बघितला. मग एका रविवारी संध्याकाळी दाजी-अक्का दोघांना मुक्कामाला घरी बोलावलं.

राजमा आठ तास भिजवलेला. हातसडीचा तांदूळ. नारळाचं पातळ दूध. थाइम नावाचा तिकडचा पाला मिळाला नाही, ओव्याची पानं घातली. कोंबडीचं कातडं काढून तिला लिंबू, आलं, लसूण, हिरवी मिरची, लवंग, दालचिनी, जायफळ.

ते दोघं, मी आणि माझी बायको, चौघांत मिळून दोन चमचे तेल. चमचा चहाचा.

"लातूरचा जिल्हा केला अन् पाणी द्यायचं इसरले," दाजी म्हणाले. "अन् तुम्ही बसले नारळाचं दूध काढत!"

राजमा ज्यात भिजवला, त्या पाण्यात तो शिजवायचा नसतो. पोट फुगतं. ते पाणी मी तपेल्यात काढून ठेवलं, दारातल्या कढीपत्त्यासाठी. कुकरमध्ये हंड्यातलं ताजं पाणी मोजून घातलं आणि कोंबडी भाजायला शेगडी घेऊन गच्चीवर गेलो.

जेवताना दाजींनी भात दोनदा घेतला. हाडं चोखली.

"हाव, जमलं बरं का. आता दर रविवारी येतो."

स्वतःच्या बायकोसमोर म्हणाले. अक्काचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही.

सकाळी चौघांची पोटं नगाऱ्यासारखी. टँकर चार दिवसांनी येणार होता. पुढचं सांगत नाही.

मी तपेलं बघितलं. कोरडं. कढीपत्त्याची मातीही कोरडी. आणि हंड्यातलं पाणी मी ठेवून गेलो होतो त्याच्यापेक्षा चार बोटं वर.

"दाजी, कुकरचं पाणी बदललं का तुम्ही?"

"आमी कशाला हात लावू? तुमच्या विंडीजनंच आऊट केलं आमाला."

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तोच किस्सा. "मेव्हण्याकडं जेवायचं आसंल तर आधी दवाखान्यात खाट सांगून ठिवा." मांडव हसायचा. त्या हसणाऱ्यांतले निम्मे आज इथं फुलं टाकून राहिलेत.

माझ्या घरी दाजी पुन्हा जेवले नाहीत. तर्री चालू राहिली. गेल्या वर्षी हार्टनं गेले.

त्यांच्या दिवसांचं पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, तेव्हा अक्का जवळ येऊन बसली.

"त्यांनीच वतलं रे ते पाणी कुकरात. दुष्काळात पाणी फेकतो का म्हणले. मी बघितलं होतं."

"मग इतकी वर्षं?"

"चारचौघांत त्यांची मान खाली गेली असती."

"आणि माझी?"

अक्का उठली आणि सतरंज्या गोळा करायला लागली.

फेकत नव्हतो दाजी. कढीपत्त्याला ठेवलं होतं. विचारायचं होतं. एक शब्द लागला असता, "वतलं". मी हसलो असतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा राजमा भिजवला असता. त्यानं तुमचं आयुष्य किती वाढलं असतं ते मला सांगता येणार नाही, मी डॉक्टर नाही. पण तुम्ही खोटेपणा जपला आणि तब्येत सोडली. हे मला सांगता येतं.

आता अक्कालाही शुगर निघाली आहे. ती माझ्याकडेच असते.

आज तेच जेवण करतोय. राजमा मी भिजवला. पाणी मात्र अक्कानं स्वतः निथळलं, तपेलं उचललं आणि दारात जाऊन कढीपत्त्याला घातलं. माझ्याकडं न बघता.

दाजी, श्रद्धांजली घ्या. भावपूर्ण लिहीत नाही.

माफ केलेलं नाही.

जयभीम.