कुलूप जागं होईपर्यंत

त्या कंपनीत आकडे दाबून उघडायची कुलपं बनत. नवं कुलूप दाराला बसवून चालू केलं, की आधी ते स्वतःची गुप्त किल्ली तयार करी. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, कुणाच्या बापालाही आधी ओळखता येऊ नये असा. तो आकडा काढून देणारी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅमर आयती वापरत तो कोड, सांभाळणारी प्रोग्रॅमर ती होती. लग्नाआधीपासून ती हेच काम करत होती. आता तिला त्याचा कंटाळासुद्धा येत नसे, नुसता थकवा येई.

अडचण एवढीच होती की पेटीतून काढलेल्या कुलपाच्या पोटात काहीच नसे. विजेची बारीकसारीक, कधीच सारखी नसणारी थरथर, असलं काहीबाही गोळा करून त्याला आकडा काढावा लागे. तेवढं जमेपर्यंत तिचा कोड आकडा देत नसे, आणि कुलपाच्या चिमुकल्या पडद्यावर एकच शब्द ठाण मांडून बसे: 'थांबा'.

त्या शब्दासमोर तिचाच नवरा उभा असे. तो त्याच कंपनीत फिटर होता, लोकांच्या घरी जाऊन कुलपं बसवायचा. चहाच्या सुट्टीत बाकीचे फिटर त्या 'थांबा' लिहिणाऱ्याचा उद्धार करत, तेव्हा हा कपात बघत बसे.

यंदा साहेब नवे आले होते. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, वेळ लागतोय तर घड्याळातली वेळ घ्या आणि त्यावरून काढा आकडा. हाय काय अन् नाय काय!"

"साहेब, या कुलपातल्या घड्याळाला सेल नाही. प्रत्येक कुलूप एकाच तारखेला, एकाच सेकंदाला जागं होतं. मग किल्ल्याही त्याच त्याच निघणार. एकाची किल्ली शेजाऱ्याच्या दाराला लागेल."

"लाखात एखादं होईल तसं."

"लाखात एखादंच वेगळं निघेल, साहेब."

साहेबांना हसू आलं नाही. "पुढच्या बैठकीत मला तो 'थांबा' दिसता कामा नये," ते म्हणाले. आधीच्या साहेबांना आणि त्यांच्याही आधीच्यांना तिने याच शब्दांत हेच समजावलं होतं. आता बोलताना तिचा आवाजही चढत नसे.

घरी नवरा गुडघा चोळत बसला होता. "घेऊन टाक ना गं घड्याळ," तो म्हणाला.

"आणि उघड्या दारांचं काय?"

"मला कळतं ते. पण दारात मी उभा असतो, तू नाही."

सुट्टीच्या दिवशी त्याला एक कुलूप बसवायचं होतं, तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली.

जुनं कुलूप निघालं होतं. दाराला पडलेल्या गोल भोकातून आतला पंखा दिसत होता. घरमालकीण काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिन्यात ताटकळल्या होत्या.

"एवढा वेळ? तुम्हाला काम येतं ना हो?"

नवऱ्याने स्वच्छ पुसलेला पेचकस पुन्हा पुसला. वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं. ते बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी वैतागून पिशव्या खाली ठेवल्या आणि बटणं बडवायला सुरुवात केली.

"काकू, आत्ता दाबून उपयोग नाही," नवरा म्हणाला.

"दाबू दे," ती म्हणाली. ती काकूंच्या बोटांकडे बघत राहिली. कधी भराभर, कधी अडखळत, मध्येच रागाने. कुठलं बोट नेमकं कुठल्या क्षणी पडेल, हे खुद्द काकूंनाही सांगता आलं नसतं.

कुलूप जागं होत असताना बटणांकडे लक्षच देत नसे. तिने ते बदललं. दोन दाबांमधलं केसाएवढं अंतर मोजायचं आणि बाकीच्या गोळाबेरजेत मिसळायचं. एका दाबातून मिळणारी बेभरवशाची भर तिने मुद्दाम कमीत कमी धरली, आणि भरपूर गोळा झाल्याशिवाय आकडा द्यायचा नाही ही अट तशीच ठेवली. मग पेट्याच्या पेट्या उघडून कुलपं तपासली. बोटांची टोकं हुळहुळी झाली. पडद्यावर आता 'कशीही बटणं दाबा' असं येई, आणि थोड्या बडवाबडवीत काम होई.

बैठकीत साहेब खूश झाले. "बघा, घड्याळानं झालं की नाही!"

"घड्याळ नाही घेतलं, साहेब," ती म्हणाली. पण साहेब तोवर फोनवर बोलायला लागले होते. तिने पुन्हा सांगितलं नाही. कागदपत्रात मात्र स्पष्ट लिहून ठेवलं.

एका संध्याकाळी नवरा आला तो जरा हलका होऊन आला. "आज एका आजोबांनी नातीला कडेवर घेतलं आणि तिच्या मुठीनं बटणं बडवून घेतली. सगळे हसत होते. मला चहा दिला."

"बरं झालं," ती म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, पण तो वर यायला अंगात त्राण नव्हतं. खुर्चीच्या हातावर डोकं टेकून तिने डोळे मिटले. त्याने तिच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सकाळची भांडी घासायला आत गेला.