झोपलेल्यांची मोजणी

मी मुळात भित्री. फोनवर साहेबांचं नाव दिसलं तरी बसल्या जागी उठून उभी राहते. अशा बाईला आरोग्य खात्यात कंत्राटी नोकरी मिळाली, आणि काम काय, तर परक्यांच्या दारात जाऊन नको ते विचारायचं. खोलीत माणसं किती, खिडकी आहे का, संडास घरचा की सार्वजनिक, काम धुळीतलं आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. ज्या गल्लीचे गुण जास्त, तिथं क्षयरोगाचा धोका जास्त, म्हणून छातीचा एक्स-रे काढणारी गाडी तिथं आधी जाणार. गाडी एकच होती.

इचलकरंजीतली यंत्रमागाच्या शेडमागची एक गल्ली माझ्या वाट्याला आली. सकाळची बस धरून मी दहाला तिथं पोचले. परराज्यातले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहत होते. दार लोटलं की चार-पाच जण झोपलेले. मी उंबऱ्यातूनच बोटानं मोजायची, एकाला हलवून बाकीचं विचारायची आणि पुढं सरकायची. खिडकीला आतून पोतं ठोकलेलं होतं, दिवसा झोप लागावी म्हणून. फॉर्मात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच होतं, म्हणून मी ‘आहे’ लिहिलं. दुपारपर्यंत गल्ली उरकली याचा मला चक्क अभिमान वाटला.

यादी तयार झाली तेव्हा माझी गल्ली पार तळाला होती. दोन फॉर्मांवर सह्या राहिल्या होत्या, त्यासाठी मी पुन्हा गेले, या वेळी संध्याकाळी. पाळी बदलत होती. झोपलेले उठून बाहेर पडले आणि तेवढेच दुसरे आत शिरले. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. ते त्याच अंथरुणांवर आडवे झाले. एक जण मात्र उंबऱ्यावर बसून खोकत राहिला. खोकला थांबेचना. मला पाहून तो ओशाळून हसला. माझ्या फॉर्मात तो नव्हताच.

शेजारी खानावळ चालवणाऱ्या बाईंना मी विचारलं, “इथं नक्की राहतात तरी किती जण?”

“तुमीच मोजून गेलासा की!”

“दिसले तेवढे मोजले हो.”

“अवो ताई, निजल्याली तेवढीच मोजलीसा व्हय? निम्मी मागावर गेलती की! मग मी भाकरी कुणाला घालती?”

त्या हसत होत्या. त्या खोलीतली हवा दिवसभरात कधी मोकळी होतच नव्हती, आणि मी तिथं निम्मीच माणसं लिहिली होती.

परतताना बसमध्ये जीव नुसता टांगणीला लागला. सांगावं तर कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. गप्प बसावं तर तो खोकणारा माणूस तसाच राहणार, आणि त्याच्या कुशीला झोपणारेही. खरं सांगायचं तर मी गप्पच बसायचं ठरवलं होतं. पण सकाळी ऑफिसच्या जिन्यात कुणीतरी खोकलं आणि मला राहवेना. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता ओरडतील. त्यांनी यादी पुढं ओढली आणि माझी गल्ली खोडून सगळ्यात वर लिहिली. मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, “बाकीच्या गल्ल्या तुम्ही लोकांनी किती वाजता केल्या?”

आम्ही मोजणीवाले सगळे एकाच बसनं जायचो आणि पाचच्या आत परत यायचो. संध्याकाळी तिथं कुणी थांबलंच नव्हतं.

“दहाला,” मी म्हणाले. “सगळ्यांनीच.”

साहेबांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. माझ्या गल्लीनंतर ती कुठं न्यायची, हे त्या ऑफिसात आता कुणालाच सांगता येत नव्हतं.