चौथ्या खोलीचं छप्पर

मनोहरदादा गेल्याचा निरोप गढ्याहून, त्याच्या घरून आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता अर्ज लिहिणं थांबेल. दुःख नंतर झालं... पण झालं. त्याला आता महिना होईल.

दादा माझा मावसभाऊ. तोफगोळ्यांच्या कारखान्यात तो लेथ मशीनवरचा खरादी, मी तिथेच पगाराच्या सेक्शनला बाबू. लढाई लागली की त्याचा ओव्हरटाइम सुरू व्हायचा. गाव ब्लॅकआउटसाठी काचांना काळे कागद चिकटवायचं आणि दादा विटा आणायचा. चीनच्या लढाईत स्वयंपाकघर उभं राहिलं, पासष्टला बैठक, एकाहत्तरला आतली खोली. खोल्यांना नावंही तीच पडली. "चीनमधून लोटाभर पाणी आणा," असं वहिनी म्हणायच्या आणि पाहुणे दचकायचे. आम्ही पोट धरधरून हसायचो. ज्यांची मुलं सरहद्दीवर होती त्यांच्या घरी कुणी हसत नसेल, हे आमच्या डोक्यातही येत नसे.

दादा रिटायर व्हायला दोनेक वर्षं उरली असताना त्यानं मला कँटीनमध्ये गाठलं. "अच्छा बाबू, पेन्शन बनवताना ओव्हरटाइम जोडून राहिले ना तुझे लोक?"

चारचौघं बसली होती. मला चेष्टेची लहर आली. "जोडतात ना! तुला साहेबापेक्षा जास्त बसेल बघ." टेबल खो-खो हसलं, दादाही हसला. मला वाटलं, त्याला समजलं. पण बाबूचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी सरकारचा शब्द. त्यानं फंडातले होते नव्हते ते पैसे काढून चौथी खोली बांधायला घेतली, म्हातारपणी भाड्याला द्यायची म्हणून. छप्पर पेन्शनवर घालू, म्हणाला.

पेन्शन बसली ती नुसत्या मूळ पगारावर, सगळ्यांची बसते तशी. कागद घेऊन दादा माझ्याकडे आला. चिडला असता तर बरं झालं असतं. "गलती झाली ऑफिसची. काहून झाली असेल? तू अर्ज लिही, बाबू."

तिथेच सांगायला हवं होतं. मी अर्ज लिहिला. मग दर वर्षी एक, चांगल्या इंग्रजीत. दरम्यान त्यांच्याकडे चूल एकवेळ पेटू लागली. मोतीबिंदू गलती सुधारल्यावर काढायचा ठरला, तो तसाच घेऊन दादा गेला. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

परवा गेलो, तर वहिनी त्या बिनछपराच्या खोलीत वड्या वाळत घालत होत्या. कोनाड्यात दादानं आणून ठेवलेले कोरे कागद होते. त्यांनी वरचा एक काढून मला दिला.

"भाऊजी, अर्ज थांबवू नका. आता माझ्या नावानं लिहा. हे म्हणायचे, बाबू झूठ नाही बोलत."

मी कागद गुडघ्यावर घेतला. म्हटलं, "पेन आहे का?"

वहिनी पेन आणायला चीनमध्ये गेल्या.