देव्हाऱ्यातला रुपया

चौक गावात जुन्या हायवेलगत माझं टॉर्च, मिक्सर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले चांगले सेल टॉर्चला बसवण्यात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

धाकटा भाऊ मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. सिगारेट सुटावी म्हणून त्याने कुठून तरी चोरून वेप, म्हणजे सेलवर चालणारी वाफेची सिगारेट, आणला. बंदीची वस्तू, त्यामुळे सोबत ना कागद ना माहिती. त्यातला सेल दुपारपर्यंत उतरायचा.

"दादा, एक जादा सेल दे ना रं," तो म्हणाला.

मी ड्रॉवरमधून एक काढून दिला. त्याचं वरचं प्लॅस्टिकचं साल टोकाशी फाटलेलं होतं. या सेलचं सगळं अंग म्हणजे निगेटिव्ह, वरचं बटण तेवढं पॉझिटिव्ह, आणि दोघांच्या मधे असतं ते एवढंच पातळ साल. ते फाटलं की नवीन चढवायचं, नाहीतर सेल बाद करायचा. सुटा सेल खिशात न्यायचा तर प्लॅस्टिकच्या डबीत, कारण किल्ली-नाणं दोन्हीकडे एकदम टेकलं की सेल पेटतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी चिकटपट्टी लावली आणि म्हणालो, "काय होत नाय." डब्या समोरच्या फळीवर होत्या. उठायचा कंटाळा केला.

आठवड्याभराने भावाला कारखान्यात कायम करणार होते, त्याची सही करायला तो निघाला. आमच्या घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं की आई देव्हाऱ्यातला रुपया हळदकुंकू लावून हातात ठेवायची. काम झालं की तो परत देव्हाऱ्यात जायचा. भावाने रुपया कपाळाला लावून पँटच्या खिशात टाकला. त्याच खिशात तो सेल होता.

लोधिवलीच्या अलीकडे चालत्या मोटारसायकलवर त्याचा खिसा पेटला. गॅरेजवाल्यांनी पाण्याचं पिंप त्याच्यावर ओतलं, पण पँट मांडीला चिकटली होती.

"खिशात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आई शेजारीच उभी होती. वेपचं नाव काढलं तर पोलीस येतील आणि फाटक्या सेलचं काढलं तर सगळं माझ्यावर येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मी म्हणालो, "सेल होता. त्याला रुपया लागला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. आईने फक्त रुपया ऐकला.

भावाच्या मांडीला दुसरीकडची कातडी लावली. पाय अजून पुरता वाकत नाही. कायमची जागा दुसऱ्याला गेली. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. आईने तो रुपया पाताळगंगेत टाकला आणि पुन्हा कुणाच्या हातावर काही ठेवलं नाही.

आता मी डबीशिवाय सेल देत नाही. साल फाटलेला सेल दिसला की गिऱ्हाइकाशी भांडतो. "शेठ, सेल देताय का पेढा?" लोक चेष्टा करतात. करू देत.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरवायला निघालो. आई सवयीने उंबऱ्यापर्यंत आली, हात पुढे केला आणि रिकामाच मागे घेतला. "नीट जा," एवढंच म्हणाली. मला ते बघवेना. मी तिथेच पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फाटलेलं साल, चिकटपट्टी, फळीवरच्या डब्या, दवाखान्यात मी अर्धंच बोललो तेही. सांगताना मला रडू आवरेना.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"गुणाचा हायस," ती म्हणाली. "पन आईला बरं वाटावं म्हनून किती खोटं बोलशील रं?"